रेडिएटरात विहिरीचे पाणी नको, कूलंट घरीच बदला



गळीत हंगाम तोंडावर आला की या पानांतून आम्ही खोडव्याची निगा, तोडणीचा कार्यक्रम, बेणेमळ्याच्या नोंदी असे विषय मांडतो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. ट्रॅक्टरच्या, जीपच्या आणि दारातल्या मोटारीच्या रेडिएटरात आपण काय ओततो, याविषयी चार शब्द लिहायचे आहेत. ऊस विकास विभागाने इंजिनात नाक कशाला खुपसावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर सरळ आहे. तोडलेला ऊस ट्रॉलीत चढला म्हणजे आपली वर्षभराची मेहनतच ट्रॉलीत चढलेली असते. तो ऊस वाटेत उन्हात उभा राहिला तर वजन घटते आणि कांडीतली साखर फुटून उतारा खाली येतो. म्हणून तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, असे आम्ही दर हंगामात सांगतो. उतारा कारखान्याचा सरासरी धरला जातो आणि त्यावर सगळ्यांचा दर बसतो. तेव्हा रस्त्याच्या कडेला वाफा सोडत उभा राहिलेला ट्रॅक्टर ही त्याच्या एकट्या मालकाची अडचण नाही. ती तुमची आमची सगळ्यांची आहे.

आमचे मत पहिल्यांदाच स्पष्ट सांगतो. रेडिएटरात विहिरीचे, बोअरचे किंवा कॅनॉलचे पाणी ओतणे आता बंद झाले पाहिजे. तिथे चांगले कूलंट आणि शुद्ध पाणी यांचे मिश्रणच असावे आणि ते मुदतीत बदलावे. हे काम गाडीच्या मालकाला आपल्या अंगणात स्वतः करता येते, आणि त्यानेच ते करावे. कारखान्यानेही त्याला हात द्यावा.

आपल्याकडं कुठं बर्फ पडतो?

कूलंटचे नाव काढले की गावोगावी हाच प्रश्न येतो. "साहेब, ते थंड मुलखातलं औषध. आपल्याकडं कुठं बर्फ पडतो?" प्रश्न रास्त आहे. थंड देशांत रेडिएटरातले पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणूनच एथिलीन ग्लायकॉल पाण्यात मिसळण्याची पद्धत पडली. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी घेतले तर ते मिश्रण उणे ३७ अंश सेल्सियसच्या आसपास गोठते. आपल्याला त्याचा उपयोग नाही, हे खरेच.

पण त्याच मिश्रणाचे आणखी दोन गुण आहेत आणि ते आपल्याच कामाचे आहेत. पहिला असा की साधे पाणी १०० अंशांना उकळते, तर हे मिश्रण उकळायला सुमारे १०७ अंश लागतात. वर दाबाचे टोपण घट्ट बसलेले असले की ते १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. दोन ट्रॉल्या ओढत चढ चढणाऱ्या किंवा एप्रिलच्या उन्हात काट्याच्या रांगेत तासन्तास घरघरत उभ्या राहिलेल्या इंजिनाला हा आधार मोठा आहे. दुसरा गुण याहून मोलाचा. चांगल्या कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये घातलेली असतात. इंजिनाचे बीड, रेडिएटरचे अ‍ॅल्युमिनियम किंवा तांबे-पितळ, पंपातले पोलाद आणि जोडावरचा डाग हे सगळे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले असतात. असे धातू नुसत्या पाण्यात, त्यातही खारट पाण्यात, एकत्र राहिले की एकमेकांना खातात. कूलंटमधली द्रव्ये धातूवर पातळ कवच धरतात आणि हे खाणे थांबवतात.

म्हणजे बर्फ पडो न पडो, गंज चढणे आणि पाणी उकळणे या दोन गोष्टी आपल्याकडे बारा महिने आहेत. कूलंट त्यासाठी आहे.

जे जमिनीला, तेच इंजिनाला

नीरा, प्रवरा, कृष्णा, वारणा या नद्यांकाठच्या ऊस पट्ट्यात क्षारपड जमीन काय चीज आहे हे आम्ही कोणाला शिकवायला नको. पाटाचे पाणी बेसुमार दिले, निचरा ठेवला नाही, की खालचे क्षार वर येतात आणि काळ्या रानावर पांढरा थर बसतो. जमिनीचे पाणी उन्हाने उडून जाते, क्षार मागे राहतात. रेडिएटरात घडते ते याहून निराळे नाही. पाणी वाफ होऊन थोडे थोडे उडते, आपण वरून पुन्हा विहिरीचे पाणी ओततो, आणि प्रत्येक खेपेला नवे क्षार आत जाऊन बसतात. शिवाय जड पाणी तापले की त्यातला चुना वेगळा होऊन गरम भागावर चिकटतो. न्हाणीघरातल्या बंबाच्या आत जो पांढरा खडबडीत थर धरतो, तोच हा.

हा थर धातूच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेतो. सिलिंडरच्या बाहेरच्या अंगाला तो बसला म्हणजे आतली उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. काट्यावर पाणी गरम दिसत नाही, पण आत लायनर आणि हेड भाजत असतात. इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. एक तृतीयांश धुरातून जातो आणि जवळपास तेवढीच उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते. इतके ओझे ज्या पाण्यावर आहे, ते पाणी कसले आहे हे पाहायला नको का?

आपल्या कारखान्याकडेच पाहा. बॉयलरला कोणी ओढ्याचे पाणी सोडत नाही. ते आधी मऊ करून, शुद्ध करून घेतात. रस आटवणाऱ्या भांड्यांच्या नळ्यांत थर धरतो म्हणून ऐन हंगामात गाळप थांबवून साफसफाई करावी लागते, आणि तेवढे तास गाडीतळावर रांग लागते. कोट्यवधींच्या यंत्राला जो नियम लागू, तो आपल्या लाखांच्या ट्रॅक्टरला का नसावा?

ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाची आणखी एक खोड सांगायला हवी. पुष्कळ इंजिनांत लायनरच्या बाहेरून थेट पाणी खेळत असते. इंजिन चालू असताना लायनर थरथरतो, त्याच्या अंगाशी बारीक बुडबुडे धरतात आणि फुटतात. त्या माराने लायनरला बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि शेवटी आरपार भोक पडून पाणी ऑइलमध्ये उतरते. जड कामाच्या डिझेल इंजिनांसाठी केलेल्या कूलंटमध्ये या माऱ्याला अटकाव करणारी द्रव्ये असतात. साध्या पाण्यात ती कुठून येणार?

एक खुलासा करून ठेवतो. माती-पाणी तपासणीच्या अहवालात पाणी "सिंचनास योग्य" आले म्हणजे ते रेडिएटरलाही योग्य असे समजू नये. उसाला चालणारे पाणीही इंजिनाला जड पडू शकते. इंजिनाला बॅटरीत घालतात तेच शुद्ध केलेले पाणी घालावे. ते पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळते.

कूलंट घेताना

दुकानात दोन प्रकारचे डबे मिळतात. एकात पाणी मिसळून तयार केलेले मिश्रण असते. ते जसेच्या तसे ओतायचे, त्यात पुन्हा पाणी घालायचे नाही. दुसऱ्यात अर्क असतो, त्यात शुद्ध पाणी मिसळावे लागते. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला लावा. अर्क जास्त घातला म्हणजे जास्त फायदा, हाही गैरसमज आहे. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता उचलत नाही. नुसता अर्क ओतला तर इंजिन उलट जास्त तापेल, आणि गोठण्यापासूनचे संरक्षणसुद्धा कमी होते. युरिया जास्त टाकून ऊस लोळवणारे आपल्यात आहेतच. इथेही तसेच आहे.

रंगावर जाऊ नका. हिरवे, लाल, निळे हे रंग बनवणारा आपल्या मर्जीने घालतो. त्यावरून आतले रसायन ओळखता येत नाही. जुन्या पद्धतीच्या कूलंटची मुदत साधारण दोन वर्षांची असते, नव्या सेंद्रिय आम्लांच्या प्रकाराची पाच वर्षांपर्यंत जाते. दोन जातींची सरमिसळ केली तर त्यातली द्रव्ये एकमेकांना मारक ठरू शकतात, कधी आत चिखलासारखा साका धरतो. तेव्हा गाडीच्या पुस्तकात जी जात सांगितली असेल तीच घ्या, आणि डब्यावर भारतीय मानक आयएस ५७५९ चा उल्लेख आहे का ते पाहा. सुट्या बाटलीतले रंगीत पाणी "कूलंट" म्हणून स्वस्तात मिळाले तर ते रंगीत पाणीच आहे असे समजून परत करा.

मुदत संपलेल्या कूलंटचा रंग पुष्कळदा तसाच राहतो, पण त्यातली गंजरोधक द्रव्ये खर्ची पडलेली असतात. पाचट हिरवे दिसते म्हणून ऊस कोवळा आहे असे आपण म्हणत नाही, ब्रिक्स पाहतो. उसाची पक्वता पाहायला आमचे लोक जो हँड रिफ्रॅक्टोमीटर रानात आणतात, त्याच तत्त्वाचे पण वेगळ्या पट्टीचे यंत्र कूलंटमधील ग्लायकॉलचे प्रमाण दाखवते. मात्र त्यावरून गंजरोधक द्रव्ये किती उरली हे कळत नाही. म्हणून तारीख पाळणे हाच खरा उपाय. इंजिनाच्या झाकणावर किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डच्या आतल्या बाजूस रंगाने तारीख लिहून ठेवावी.

आधी टोपणाविषयी

कृती सांगण्यापूर्वी एक ताकीद द्यायची आहे, आणि ती आम्ही विनंती म्हणून देत नाही. गरम इंजिनाचे रेडिएटरचे टोपण उघडू नका. पोते घेऊन उघडू नका, ओला टॉवेल घेऊन उघडू नका, "जरासं ढिलं करतो" म्हणूनही उघडू नका.

घरातला कुकर डोळ्यासमोर आणा. आत दाब आहे म्हणून पाणी १०० अंशांच्या वर, १२० अंशांच्या आसपास जाऊनही उकळलेले दिसत नाही. शिट्टी चालू असताना घरची बाई झाकणाला हात लावते का? रेडिएटरही असाच बंद कुकर आहे. टोपण सुटले की दाब एकदम जातो, तापलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ते उसळून तोंडावर, छातीवर येते. हंगामात अशी भाजलेली माणसे तालुक्याच्या दवाखान्यात दिसतात. बहुतेक वेळा तो ड्रायव्हर असतो आणि मागे रांगेतल्या गाड्या हॉर्न वाजवत असतात. रांग तासभर थांबली तरी चालेल. डोळे गेले तर परत येत नाहीत.

तसेच तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. लाल झालेल्या तव्यावर पाणी टाकावे तसे हेड तडकते.

अंगणात करावयाची कृती

हे काम सकाळी करावे. रात्रभर उभे राहिलेले इंजिन हाताला पूर्ण गार लागले पाहिजे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून उभी करा. किल्ली काढून खिशात ठेवा. पुष्कळ मोटारींत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, तो हात आत असताना फिरला तर बोटे जातील. लहान मुले आणि जनावरे लांब ठेवा.

पहिले काम बाहेरच्या अंगाचे. रेडिएटरच्या जाळीत हंगामभर पाचटाचा भुगा, धूळ आणि किडे गच्च बसलेले असतात. आत कितीही चांगले कूलंट असले तरी वारा आरपार गेला नाही तर ते गार होणार कसे? इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे धूळ ज्या वाटेने आत गेली त्याच्या उलट, हलक्या दाबाने हवा किंवा पाणी मारा. जोराचा फवारा मारला तर जाळीच्या पात्या आडव्या होतात. ट्रॅक्टर तापण्याच्या तक्रारीत पुष्कळ वेळा एवढ्याने गुण येतो.

मग टोपण काढा. खाली रेडिएटरच्या बुडाशी काढण्याची तोटी असते, तिच्याखाली रुंद पातेले किंवा कापलेला कॅन ठेवा. घरात पुन्हा कशालाही न वापरायचा असाच घ्या. तोटी सोडून सर्व पाणी उतरू द्या. बऱ्याच इंजिनांच्या ब्लॉकलाही वेगळा बूच असतो. तो न काढल्यास जुने पाणी आत राहून जाते आणि नव्यात मिसळते. मोटारीत हीटर असेल तर त्याचा खटका पूर्ण गरमवर ठेवावा, म्हणजे त्या नळ्याही रिकाम्या होतात. बाजूची प्लॅस्टिकची टाकी काढून धुवा. किती लिटर उतरले ते मोजून लिहून ठेवा, भरताना उपयोगी पडते.

उतरलेले पाणी नीट पाहा. तांबूस असेल तर गंज आहे. त्यावर ऑइलची तवंग असेल, किंवा दुसऱ्या बाजूला ऑइलच्या काडीला दुधाळ फेस दिसत असेल, तर हे घरचे काम नाही. हेड गॅस्केट किंवा लायनर गेला आहे. तिथेच थांबा आणि मिस्त्रीला बोलवा.

सगळे ठीक असेल तर तोटी लावून शुद्ध पाण्याने भरा, इंजिन सुरू करून वरची नळी गरम होईपर्यंत चालवा, बंद करून पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा उतरवा. पाणी स्वच्छ उतरेपर्यंत एक-दोन वेळा असे करावे. जुना थर फारच असेल तर साफ करण्याचे तयार औषध मिळते, ते डब्यावरच्या सूचनेप्रमाणे वापरावे. कपडे धुण्याचा सोडा किंवा अ‍ॅसिड ओतण्याचा उद्योग करू नये. सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो आणि अ‍ॅसिड सगळेच खाते. याच वेळी होज पाईप दाबून पाहा. फुगलेला, चिरलेला किंवा काडीसारखा कडक झालेला पाईप बदला. क्लिपा आवळा, फॅन बेल्टचा ताण पाहा आणि टोपणाचे रबर तपासा. टोपणाचे रबर गेले की दाब धरत नाही आणि कूलंटचा निम्मा गुण वाया जातो.

आता नवे कूलंट हळूहळू ओता. घाईने ओतले की आत हवा अडकते, आणि हवा अडकली तिथे इंजिन भाजते. काही गाड्यांना हवा सोडण्याचा छोटा स्क्रू असतो, तो पुस्तकात पाहून सैल करावा. टोपण उघडेच ठेवून इंजिन संथ चालू करा, हात-तोंड लांब ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि बुडबुडे येतात. तेवढे भरून टोपण घट्ट लावा. ज्या गाड्यांना रेडिएटरवर टोपणच नसते, तिथे टाकीवरच्या खुणेप्रमाणे भरावे आणि पुस्तकातली पद्धत पाळावी. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी पुन्हा पाहा, आणि पुढे आठवडाभर रोज. पातळी सारखी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. वरून ओतत राहणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

"व्हॉल्व्ह काढून टाक" हा सल्ला ऐकू नका

गाडी तापते म्हटले की काही मिस्त्री पहिल्यांदा थर्मोस्टॅट काढून फेकतात. "व्हॉल्व्ह काढला, आता तापणार नाही." तो भाग कंपनीने उगाच बसवलेला नाही. इंजिन ८० अंशांच्या आसपास लवकर यावे आणि तिथेच राहावे, यासाठी तो पाण्याची वाट उघडतो आणि बंद करतो. तो काढला की हिवाळ्याच्या पहाटे इंजिन गारच राहते, डिझेल नीट जळत नाही, जास्त लागते, ऑइल लवकर खराब होते आणि सिलिंडर झिजतात. बिघडला असेल तर नवा बसवावा. माणसाला ताप आला म्हणून थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही.

गोड विष

आता सर्वांत गंभीर मुद्दा. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि ते विष आहे. उतरवलेले कूलंट पातेल्यात गोठ्याजवळ राहिले, तर कुत्रे, मांजर, वासरू ते चाटते. पाण्याच्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवले, तर लहान मूल सरबत समजून पिते. मोठ्या माणसाच्या जिवालाही साधारण अर्धी वाटी पुरते. सुरुवातीला दारू प्यायल्यासारखा झोक जातो, उलटी होते. नंतर थोडे बरे वाटल्यासारखे होते आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून कोणी प्याल्याची नुसती शंका आली तरी बरे वाटण्याची वाट न पाहता, डबा बरोबर घेऊन, तत्काळ दवाखाना गाठावा. जनावरांच्या बाबतीतही तसेच. वेळेत गेल्यास यावर उपचार आहेत.

याच घराण्यातल्या डायएथिलीन ग्लायकॉलने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा बळी घेतला. औषधी ग्लिसरीनमध्ये ते मिसळले गेले होते. शहाण्यासुरत्या डॉक्टरांच्या हातूनही जे डोळ्यांना ओळखू आले नाही, ते आपल्या घरातल्या पोराला कसे ओळखू येईल? म्हणून नवे असो वा जुने, कूलंट मूळच्याच डब्यात, झाकण घट्ट लावून, कुलपात ठेवावे.

जुने कूलंट ओढ्यात, गटारीत, विहिरीच्या काठाला किंवा शेणखताच्या खड्ड्यात ओतू नये. ते पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि मासे मरतात. विहिरीच्या काठचे शेवटी विहिरीतच उतरते. ते बंद कॅनमध्ये साठवून, घेण्याची सोय असलेल्या सर्व्हिस सेंटरला द्यावे.

हरकती आणि त्यांची उत्तरे

"आमच्या वडिलांनी वीस वर्षं ओढ्याचं पाणी घालून ट्रॅक्टर चालवला." चालवला, हे आम्हांला मान्य आहे. पण त्या काळचा रेडिएटर जाड तांब्या-पितळेचा होता. तो उतरवून, सळई घालून, डाग देऊन पुन्हा बसवता येई. मागे बहुधा एकच ट्रॉली असे. आजच्या इंजिनाला तेवढ्याच आकारातून जास्त ताकद काढायची असते, नळ्या बारीक आणि अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. शिवाय त्या वीस वर्षांत इंजिन किती वेळा उतरवले, तेही वडिलांना एकदा विचारावे.

"हे मिस्त्रीचं काम हाय." मिस्त्री पाहिजेच, त्याच्यावाचून आपले चालत नाही. पण ऐन हंगामात त्याच्या दारात दहा गाड्या उभ्या असतात आणि तो समोरच्या नळाची पाईप लावून मोकळा होतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, गाडी आपली आहे. बेणे घेताना आपण डोळा न् डोळा तपासतो, ते काम मुकादमावर सोडत नाही. इथेही मालकाची नजर पाहिजे. जे काम पान्हा, पक्कड आणि अर्ध्या दिवसाच्या सवडीत होते, त्याला परस्वाधीन राहू नये.

"खर्च वाढतो." कूलंटचा खर्च बहुधा एका टाकीभर डिझेलपेक्षा कमी येतो. इंजिन उतरवायचा खर्च किती येतो, हे ज्यांनी दिला आहे त्यांना आम्ही सांगायला नको. त्या आठवड्यात टोळी बसून राहते, उचल चालूच राहते आणि तोडलेला ऊस बांधावर वाळतो, हा हिशेब वेगळाच.

कारखान्याने काय करावे

सभासदांना सांगायचे आणि आपण हात झटकायचे, हे सहकारात बसत नाही. म्हणून संचालक मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी मांडत आहोत. एक, वाहतूक करारापूर्वी ट्रॉलीचे दिवे आणि रिफ्लेक्टर पाहतो, त्याच वेळी रेडिएटर, होज पाईप आणि कूलंटची तारीखही पाहिली जावी. दोन, चांगल्या प्रतीचे कूलंट आणि शुद्ध पाणी एकत्र खरेदी करून कारखान्याच्या पंपावरून वाजवी दरात मिळावे, आणि तेथेच जुने कूलंट जमा करायला एक बंद पिंप ठेवावे. तीन, वाहन विभागाच्या मिस्त्रींनी प्रत्येक गट कार्यालयात एक सकाळ देऊन हे काम प्रत्यक्ष करून दाखवावे. बेणे प्रक्रिया आणि ठिबक याच रीतीने आपल्या भागात रुजले. आधी एकाच्या रानात पाहिले, मग दहा जणांनी केले.

सभासदांनी मंडळाच्या निर्णयाची वाट पाहत बसू नये, एवढेच सांगणे. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हळद-कुंकू लावतो, हार घालतो. ती पूजा जरूर करावी. मात्र त्याआधीच्या एखाद्या सकाळी टोपण उघडून आत काय आहे ते पाहावे, आणि मोळी पडण्यापूर्वी कूलंट बदलून तारीख लिहून ठेवावी. ज्यांना अडचण येईल त्यांनी आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयात सांगावे, माणूस पाठवण्याची व्यवस्था आम्ही करू.

— ऊस विकास अधिकारी